इंचभर वर आलेली पट्टी: खरखरीत पृष्ठभाग, तापलेली हवा आणि सहा दिवसांतला एक निर्णय

पार्श्वभूमी

२८ जुलै २००५. 'डिस्कव्हरी' हे नासाचं शटल (पुन्हापुन्हा वापरता येणारं अंतराळयान) आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या खाली सुमारे १८० मीटरवर आलं आणि तिथे त्यानं सावकाश एक पूर्ण कोलांटी घेतली. काळं पोट स्थानकाकडे वळलं तेव्हा आतल्या दोघांनी खिडकीतून ४०० आणि ८०० मिलिमीटरच्या लेन्स लावून त्याचे भराभर फोटो काढले. शटलनं एवढी वर्षं उड्डाणं केली, पण ही कोलांटी आजवर कधी घेतली नव्हती.

तिचं कारण सर्वांना माहीत होतं. १ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' हे शटल परतीच्या वाटेवर फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. प्रक्षेपणाच्या वेळी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला होता. तिथे पडलेलं भगदाड शटल कक्षेत असेपर्यंत कोणी पाहिलंच नव्हतं. त्यानंतरचं पहिलं उड्डाण म्हणजे ही मोहीम, एसटीएस-११४. सुटण्याची तारीख २६ जुलै. यावेळी सगळा भर पाहण्यावर होता: प्रक्षेपणावर रोखलेले कॅमेरे, शटलच्या यांत्रिक हाताला जोडलेली लेझरवाली लांब दांडी आणि स्थानकातून काढलेले हे फोटो.

पोटावर काय असतं ते आधी सांगायला हवं. शटलच्या अंगावर सुमारे २४ हजार टाइल्स होत्या. सिलिकाच्या तंतूंची ही टाइल हातात घेतली तर थर्माकोलसारखी हलकी लागते, कारण आत बहुतेक हवाच असते. पोटाकडच्या टाइल्सवर काळा काचेसारखा लेप असायचा. त्या साधारण १,२६० अंश सेल्सिअसपर्यंतचं तापमान पुन्हापुन्हा सोसायच्या. त्यांच्याखालचा ॲल्युमिनियमचा सांगाडा मात्र १७५ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नसायचा. ॲल्युमिनियम थंडीत आकसतं, उष्णतेनं फुगतं. टाइल मात्र ठिसूळ, ताण आला की तडकते. म्हणून एक अखंड कवच न करता छोट्या छोट्या टाइल्स बसवल्या आणि दोन टाइल्समध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटरची फट सोडली.

काही फटींमध्ये सिरॅमिक कापडाची कडक केलेली पातळ पट्टी सरकवून तळाशी चिकटवलेली असायची. तिला गॅप फिलर म्हणतात. प्रक्षेपणाच्या थरथराटात टाइल टाइलवर आपटू नये आणि गरम वायू फटीतून आत शिरू नये, एवढंच तिचं काम. जाडी आणि कडकपणा पुठ्ठ्याइतका.

या अभ्यासात माणसांची नावं घेतलेली नाहीत. कोणी ठरवलं यापेक्षा कसं ठरलं, हे मला इथे मांडायचं आहे.

अडचण

फोटोंत दोन पट्ट्या टाइल्सच्या फटींतून बाहेर डोकावताना दिसल्या. एक साधारण इंचभर वर आलेली, दुसरी त्याहून कमी, पण अर्ध्या इंचापेक्षा नक्की जास्त. दोन्ही पोटाच्या पुढच्या भागात, नाकाकडच्या बाजूला. या भागात पट्टी पाव इंचापेक्षा जास्त वर नको, अशी जमिनीवरच्या तपासणीतली मर्यादा होती. आता त्या मर्यादेच्या चौपट उंचवटा समोर होता आणि शटल कक्षेत होतं.

टाइल फुटलेली नव्हती. भोक नव्हतं. संरक्षण कवचातून काहीही कमी झालेलं नव्हतं. सदतीस मीटर लांबीच्या यानाच्या पोटावर कापडाची दोन टोकं वर आली होती, इतकंच. अनेकांना पहिल्यांदा ऐकताना ही काळजी अवास्तव वाटते. ती अवास्तव का नव्हती, ते समजण्यासाठी पृष्ठभागालगतच्या हवेकडे पाहावं लागतं.

उंचवटा आणि उष्णता यांचं नातं

शटल सुमारे १२२ किलोमीटर उंचीवर वातावरणात शिरतं तेव्हा त्याचा वेग ध्वनीच्या सुमारे २५ पट असतो. नाक सुमारे ४० अंश वर उचललेलं, पोट पुढे. समोरची हवा बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ती शॉक वेव्हमध्ये, म्हणजे यानापुढे तयार होणाऱ्या दाबाच्या भिंतीत, एकदम दाबली जाते आणि हजारो अंश तापते. टाइल्स मात्र त्याच्या कितीतरी खाली राहतात. मधला हा फरक सांभाळतो पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर, म्हणजे सीमास्तर. अगदी पृष्ठभागावरची हवा यानाबरोबरच जाते. बाहेर जावं तसा वेगातला फरक वाढत जातो. या थरात हवेचे पदर एकमेकांवरून शांतपणे सरकत असतील तर बाहेरची उष्णता एका पदरातून दुसऱ्यात हळूहळू झिरपत आत येते. एका अर्थी तो थर म्हणजे यानावर पांघरलेली हवेचीच गोधडी.

नळ जरासा उघडला तर धार काचेसारखी स्वच्छ पडते. जास्त उघडला की ती खवळते, पांढरी दिसू लागते. सीमास्तरातही असंच होतं. खवळलेल्या थरात भोवरे बाहेरची गरम, वेगवान हवा उचलून थेट पृष्ठभागापाशी आणून टाकतात. गोधडी कोणीतरी सतत उपसत राहिल्यासारखं. परिणामी त्या जागी उष्णतेचा मारा दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही जास्त होतो. घर्षणही वाढतं, म्हणून एकाच बाजूचा थर आधी खवळला तर यान त्या बाजूला ओढलं जातं.

इथे पट्टीचा संबंध येतो. नदीला पूर असताना तळातला दगड वरून कळतसुद्धा नाही. पाणी ओसरलं की त्याच दगडामागे लाटा आणि भोवरे दिसू लागतात. दगड तेवढाच असतो, बदललेली असते पाण्याची खोली. शटलच्या बाबतीत उंचावर हवा विरळ, त्यामुळे सीमास्तर जाड आणि सुस्त. उंचवटा त्यात बुडून राहतो. यान खाली येत जातं तशी हवा दाट होते, थर पातळ होतो आणि तोच उंचवटा थराच्या मानानं मोठा होत जातो. एका ठरावीक क्षणी त्याच्यामागचा प्रवाह सावरत नाही आणि खवळतो. म्हणून 'उंचवटा किती मिलिमीटरचा' या आकड्याला एकट्याला अर्थ नाही. थराच्या जाडीशी त्याचं गुणोत्तर आणि त्या क्षणी हवा किती दाट आहे, हे दोन्ही जोडीनं पाहावं लागतं.

एरवी, टाइल्स नीट बसलेल्या असतील तर, शटलच्या पोटावरचा थर साधारण माख ८ ते १० च्या, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या आठ ते दहा पटींच्या, आसपास खवळायचा. तोवर सगळ्यात तीव्र तापणं मागे पडलेलं असतं. ते होतं त्याच्या बरंच आधी, सुमारे ७० किलोमीटर उंचीच्या आसपास, वेग माख २० च्या घरात असताना. आता समजा पुढच्या भागातल्या एखाद्या उंचवट्यानं थर माख २० लाच खवळला. मग शांत प्रवाहात जे तापणं जेमतेम सोसतं, नेमकं त्याच वेळी त्यावर दुप्पट-तिप्पट मारा येतो, आणि तोही पुढची कित्येक मिनिटं. कवचाची जाडी ठरवताना हा हिशेब धरलेला नव्हता.

उंचवटा कुठे आहे हेही तितकंच महत्त्वाचं. खवळलेला भाग उंचवट्यापासून मागे पाचरीसारखा पसरत जातो. हायपरसॉनिक, म्हणजे ध्वनीच्या कित्येक पट, वेगात ही पाचर कमी वेगातल्यापेक्षा अरुंद असते, पण शटलची लांबी मोठी. मागच्या टोकाकडे पट्टी वर आली तर पाचरीत थोड्याच टाइल्स येतात. नाकाजवळ आली तर पोटाचा मोठा पट्टा येतो आणि पंखांपर्यंत पोहोचण्याची शक्यताही उभी राहते. एसटीएस-११४ मध्ये दोन्ही पट्ट्या पुढे होत्या. माझ्या मते या प्रकरणात इंचाच्या आकड्याइतकीच ही गोष्ट निर्णायक ठरली.

आधीचा अनुभव काय सांगत होता

पट्ट्या वर येणं नवीन नव्हतं. आधीच्या उड्डाणांतही परतल्यावर धावपट्टीवर त्या वर आलेल्या दिसत. ऑगस्ट १९८९ मध्ये एसटीएस-२८ मोहिमेत 'कोलंबिया'च्या पोटावरचा थर माख १८ च्या आसपासच, तेही एका बाजूला आधी, खवळला होता. वर आलेल्या गॅप फिलरवरच संशय होता. यान सुखरूप उतरलं.

हा अनुभव दोन्ही बाजूंनी वाचता येतो आणि तो तसाच वाचला गेला. एक वाचन असं: एवढं लवकर खवळूनही काही झालं नाही, म्हणजे कवचात शिल्लक ताकद आहे. दुसरं असं: पट्टीमुळे माख १८ ला खवळू शकतं हे सिद्ध झालं, पुढच्या वेळी पट्टी आणखी पुढे किंवा आणखी उंच असेल तर काय? फोमचे तुकडे कितीतरी उड्डाणांत सुटले होते आणि प्रत्येक वेळी यान परत आलं म्हणून ते चालवून घेतलं गेलं होतं. ती सवय कुठे नेते हे दोनच वर्षांपूर्वी दिसलं होतं. 'मागे निभावलं होतं' हे वाक्य त्या खोलीत कोणाच्याही मनावरून ओझं उतरवू शकत नव्हतं.

जुन्या नोंदींत आणखी एक खोट होती. पट्टीची उंची मोजली जायची जमिनीवर, उतरल्यानंतर. परतीच्या प्रवाहात ती वाकली होती का, टोक जळून आखूड झालं होतं का, की खाली उतरतानाच्या धक्क्यांनी उलट आणखी वर आली होती, हे सांगता येत नव्हतं. प्रवाह खवळला त्या क्षणी ती नेमकी किती उंच होती, हा खरा आकडा कुठेच नव्हता.

गणित कुठे अडलं

मोहिमेआधीच्या दोन वर्षांत अभियंत्यांनी एक साधन तयार केलं होतं: उंचवट्याची उंची आणि जागा दिली की तो कोणत्या वेगाला थर खवळवेल याचा अंदाज देणारं. मूळ माहिती नासाच्या लँग्ली केंद्रातल्या माख ६ आणि माख १० च्या विंड टनेलमधली (मॉडेलवरून वेगानं हवा सोडून तपासणारी बोगद्यासारखी यंत्रणा). शटलचा वेग माख २५ असला तरी शॉक वेव्हच्या मागे पोटालगतचा स्थानिक माख अंक दोन-तीनच्या घरात येतो, म्हणून या टनेलमधले प्रयोग उपयोगी पडतात.

पण त्या प्रयोगांचं प्रमाण डोळ्यांसमोर आणून पाहावं. मॉडेल मूळ यानाच्या पाऊण टक्का आकाराचं, म्हणजे वीतभराहून थोडं लांब. त्यावर खऱ्या यानाचा एक इंच म्हणजे दोन दशांश मिलिमीटरहूनही कमी. उंचवटा दाखवायला पातळ टेपचे बारीक चौकोन चिकटवले जात. खरी गॅप फिलर मात्र पात्यासारखी उभी आणि पातळ असते. टनेलमधली हवा उड्डाणातल्या हवेइतकी तापत नाही, तिचे रेणू तुटत नाहीत. शिवाय टनेलच्या भिंतींवरच्या खवळलेल्या थरातून येणारा गोंगाट मॉडेलवरचा प्रवाह आधीच अस्वस्थ करतो. या प्रत्येक फरकाची किंमत अंदाजात कुठेतरी चुकवावी लागते.

त्यामुळे साधनानं आकडा दिला, पण त्याच्या आजूबाजूची शक्यता फार रुंद होती. एका टोकाला परतीचा प्रवास नेहमीसारखा. दुसऱ्या टोकाला इतकं लवकर खवळणं की पोटाच्या आणि पंखांच्या काही भागांत सुरक्षिततेची मर्यादाच उरत नाही. यांतलं कुठलं टोक खरं, हे त्या आठवड्यात जगात कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. मोहिमेच्या व्यवस्थापकांनी ही गोष्ट लपवली नाही. त्या उंचीवर आणि त्या वेगाला हवा कशी वागते याची पक्की माहिती नाही, असं त्यांनी उघडपणे सांगितलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. याला आधार होता: आधीची उड्डाणं, पट्टी प्रवाहात वाकण्याची शक्यता, आणि स्पेसवॉक टाळल्यानं टळणारा धोका.

दुसरा पर्याय पट्टी ओढून काढण्याचा. पहिला प्रश्न लगेच आला: ती तिथे होती ती कशासाठी, मग काढून चालेल का? उत्तर दिलासा देणारं होतं. पट्टीचं मुख्य काम प्रक्षेपणाच्या थरथराटातलं, आणि ते होऊन गेलं होतं. परतीच्या वेळी फट मोकळी राहिली तरी चालेल, असा अभियंत्यांचा निष्कर्ष होता. एखाद्या भागाची गरज कोणत्या टप्प्यावर असते, हा साधा प्रश्न विचारला नसता तर हा पर्याय कदाचित मागेच पडला असता.

तिसरा पर्याय पट्टी घट्ट बसलेली निघाली तर करायचा: चिमट्यानं ओढणं, किंवा वर आलेलं टोक करवतीनं कापणं. यानात असलेल्या साहित्यातूनच करवत जुळवून घेतली. पण ठिसूळ टाइल्सच्या मध्ये करवत चालवायची म्हणजे आजूबाजूचा काचेचा लेप खरवडण्याचा धोका होताच. त्यामुळे ती शेवटचा उपाय म्हणूनच होती.

या सगळ्यांच्या मागे आणखी एक शक्यता होती: यान परत न आणता सगळ्यांनी स्थानकावरच थांबायचं आणि 'अटलांटिस' या दुसऱ्या शटलनं त्यांना आणायला जायचं. त्याची तयारी कागदावर होती. पण दोन पट्ट्यांसाठी ती वाट धरण्याची कोणाचीच इच्छा नव्हती, आणि माझ्या मते ते योग्यच होतं.

निर्णयाचा क्षण

१ ऑगस्टला ठरलं: पट्ट्या काढायच्या.

हा निर्णय कसा तोलला गेला ते नीट पाहण्यासारखं आहे. 'पट्टी धोकादायक आहे' असं सिद्ध झालं म्हणून तो झाला नाही. ते सिद्ध करता येत नव्हतं. 'पट्टी धोकादायक नाही' हेही सिद्ध करता येत नव्हतं आणि ते सिद्ध करण्याचं ओझं पट्टी तशीच सोडू पाहणाऱ्यांवर होतं. 'कोलंबिया'च्या वेळी हे ओझं उलट्या बाजूला होतं: काळजी वाटणाऱ्या अभियंत्यांना आधी धोका दाखवून द्यावा लागत होता, मगच पंखाचे फोटो मागता येणार होते. ते फोटो घेतलेच गेले नाहीत.

दुसऱ्या पारड्यात स्पेसवॉकचा धोका. शटलच्या पोटाखाली आजवर कोणीच काम केलं नव्हतं. तिथे धरायला जागा नाही. अवजड सूटमधल्या माणसाचं हेल्मेट किंवा एखादं अवजार टाइलला लागलं तर कापडाच्या टोकापेक्षा मोठी इजा होईल. यांत्रिक हात चालवणाऱ्यांना तो भाग थेट दिसत नव्हता. त्यांना कॅमेऱ्यांवर आणि टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या सांगण्यावर विसंबायचं होतं. म्हणजे हा पर्यायही फुकटचा नव्हता. पण या धोक्यांचं स्वरूप ओळखीचं होतं. ते सावकाशपणानं, सरावानं, अंतर राखून कमी करता येत होते. माख २० च्या थरात काय होईल, ते मात्र कोणाच्याही काळजी घेण्यानं बदलणार नव्हतं.

अनिश्चितता मोठी, उपाय तुलनेनं छोटा आणि आटोक्यातला. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून कौल काढण्याच्या बाजूनं पडला. उपाय तितकाच अनिश्चित असता, तर इतक्या सहज तो देता आला नसता.

कृती

३ ऑगस्टला मोहिमेतला तिसरा स्पेसवॉक झाला. एक अंतराळवीर स्थानकाच्या यांत्रिक हाताच्या टोकाशी पाय अडकवून उभा राहिला आणि आतल्या सहकाऱ्यांनी तो हात हळूहळू पोटाखाली नेला. हात पुरेल एवढ्या अंतरावर आल्यावर हेल्मेटची कड टाइल्सपासून दूर ठेवत त्यानं हात पुढे केला, पट्टीचं टोक अंगठा आणि बोटांमध्ये पकडलं आणि ओढलं. पट्टी निघून आली. फारसा जोरसुद्धा लागला नाही. दुसरीही तशीच निघाली. चिमटा आणि करवत वापरायची वेळच आली नाही.

इतक्या सहजपणे ती निघणं ही आनंदाची गोष्ट होती, तशीच खूप काही सांगणारीही. पट्टी चिकटलेली नव्हतीच. म्हणजे प्रक्षेपणात ती वर सरकली होती, आणि परतीच्या प्रवाहात आणखी वर येणार, वाकणार की उडून जाणार, यातलं काहीही होऊ शकलं असतं.

त्याच मोहिमेतला दुसरा निर्णय

त्याच दिवसांत दुसरी एक गोष्ट फोटोंत दिसली होती. कमांडरच्या खिडकीखालचं उष्णतारोधक कापडी आच्छादन एका ठिकाणी फाटून फुगलं होतं. हा भाग पोटावरचा नाही. तिथे तापणं बरंच कमी. भीती वेगळी होती: खाली आल्यावर दाट हवेत तुकडा फाटून मागे उडाला आणि यानाला लागला तर?

इथे नासाच्या एम्स केंद्रातल्या विंड टनेलमध्ये आच्छादनाचे नमुने ठेवून चाचणी घेता आली. तो वेग, ती हवा आणि ते कापड जमिनीवर बऱ्यापैकी जुळवता येत होतं. चाचण्या आणि हिशेबानंतर धोका लहान ठरला आणि ४ ऑगस्टला ठरलं की चौथा स्पेसवॉक नाही. आच्छादन तसंच राहू द्यायचं.

पट्टीचा निर्णय आणि हा निर्णय शेजारी ठेवून वाचावेत, असं मला मनापासून वाटतं. दोन्हीकडे तेच लोक, तोच आठवडा, तोच 'कोलंबिया'चा भार. तरी उत्तरं उलट. पट्टीच्या बाबतीत अज्ञान मोजता येत नव्हतं, आच्छादनाच्या बाबतीत आलं. भीतीपोटी निर्णय घेतले असते तर दोन्हीकडे स्पेसवॉक झाला असता.

निष्पत्ती

९ ऑगस्टच्या पहाटे, उजाडण्याआधी, 'डिस्कव्हरी' कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर उतरलं. फ्लोरिडातलं हवामान खराब होतं म्हणून तिकडे. पोट ठीक होतं.

कार्यक्रम मात्र लगेच पुढे सरकला नाही. याच प्रक्षेपणात इंधनटाकीवरून पुन्हा फोमचा मोठा तुकडा सुटला होता. तो शटलला लागला नाही, पण पुढचं उड्डाण थेट ४ जुलै २००६ ला झालं. मधल्या काळात हजारो गॅप फिलर तपासून नव्यानं बसवण्यात आल्या.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी मनात येतं ते चिकटवणीचं. पट्टी बसवली की ती धरली आहे ना, हे हलकेच ओढून पाहणं अवघड नव्हतं. वर्षानुवर्षं सुटलेल्या पट्ट्या धावपट्टीवर सापडत राहिल्या आणि त्यांच्याकडे देखभालीची बाब म्हणून पाहिलं गेलं. १९८९ च्या त्या उड्डाणानंतर एखादी सुटलेली पट्टी हा वायुगतिकीचा आणि उष्णतेचा प्रश्न आहे, हे पुरेसं स्पष्ट झालं होतं. मला वाटतं, खरा निर्णय घ्यायची वेळ तीच होती, आणि तेव्हा तो जमिनीवर, घाई न करता घेता आला असता.

दुसरं, पाव इंचाची मर्यादा. ती जमिनीवर तपासणाऱ्यासाठी सोयीची होती, पण कक्षेत पट्टी त्याच्या वर दिसली तर काय करायचं याचं उत्तर तिच्यात नव्हतं. अर्धा इंच चालेल का? एक इंच कुठे चालेल आणि कुठे नाही? प्रवाहावर बेतलेली, जागेनुसार बदलणारी मर्यादा आधीच हाताशी असती, तर ते चार दिवस मूळ तत्त्वांपासून वाद घालण्यात गेले नसते.

तिसऱ्या मुद्द्यावर मी स्वतः अजून ठाम नाही. पट्ट्या काढल्यामुळे एक दुर्मीळ निरीक्षण हातचं गेलं, असं काही अभियंते म्हणतील. ते शास्त्र म्हणून खरं आहे. पण सात माणसं आत असताना ते निरीक्षण घ्यायचं नसतं.

खड्डा आणि उंचवटा यांत मात्र सरसकट एकच नियम लावू नये. ऑगस्ट २००७ मध्ये एसटीएस-११८ च्या वेळी 'एंडेव्हर' या शटलच्या पोटाला फोमचा मार लागून टाइलमध्ये साडेतीन इंचांच्या आसपास लांबीची खोल खाच पडली. दिसायला ती या पट्ट्यांपेक्षा कितीतरी भयंकर. पण खाच पृष्ठभागाच्या खाली असते; प्रवाहाला ती वर आलेल्या पात्यासारखी अडवत नाही. तिच्या आत नेमकं किती तापेल हे जमिनीवर आर्क जेटमध्ये, म्हणजे विजेच्या ठिणगीनं हवा प्रचंड तापवून झोत सोडणाऱ्या यंत्रात, तशीच खाच करून तपासता आलं. दुरुस्ती न करता परतायचं ठरलं आणि यान सुखरूप उतरलं.

पट्टीचं खरं उत्तर शोधायला मात्र काही वर्षं गेली. मार्च २००९ मध्ये एसटीएस-११९ साठी 'डिस्कव्हरी'च्याच डाव्या पंखाखाली एक खास टाइल बसवली गेली. तिच्यावर मुद्दाम घडवलेला पाव इंच उंचीचा उंचवटा होता. तो माख १५ च्या आसपास थर खवळवेल, इतका उंच. पण त्या जागी तेवढं तापणं सुरक्षित राहील, इतकाच. मागच्या टाइल्समध्ये तापमान मोजणारे थर्मोकपल होते. परतीच्या वाटेखाली उडणाऱ्या नौदलाच्या विमानातून इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं पोटावरची गरम पाचर टिपली गेली. पुढच्या उड्डाणांत उंचवटा वाढवत नेला. त्याच वर्षी एसटीएस-१२८ ला तो ०.३५ इंच होता, माख १८ च्या हिशेबानं. २००५ मध्ये जे पोटाखाली जाऊन उपटून टाकावं लागलं होतं, तेच आता मोजून, जागा निवडून, हातानं बसवून वर पाठवलं जात होतं, आणि त्याच्यामागे टाइल किती तापते याचे आकडे पहिल्यांदाच थेट उड्डाणातून मिळत होते.